पडद्यावरचा फौजदार आणि मालुबाईचं घंगाळ

मारुती मास्तरांना आयुष्यात एकाच गोष्टीचं भय होतं आणि त्या गोष्टीचं नाव कणकुंबी.

तसं त्या गावानं मास्तरांचं काही वाकडं केलेलं नव्हतं. पण बेळगाव जिल्ह्याच्या शाळाबोर्डात ज्या मास्तरावर वरच्याची खप्पा मर्जी होई, त्याची बदली हमखास कणकुंबीला होई. गोव्याच्या हद्दीवरचं रान ते. तिथं म्हणे पावसाळ्यात मिठाचं पाणी होतं, आषाढात धुतलेला सदरा दसऱ्याला वाळतो आणि शाळेच्या हजेरीला पोरांपेक्षा जळवा जास्त. निपाणीच्या शाळेत मान खाली घालून शिकवणाऱ्या मास्तरांच्या घरात तो शब्द कुणी उगाच काढत नसे. त्यांची बायको जयाबाई काढायची, पण नवऱ्याला गप्प करायचं असलं तरच. एकदा म्हटलं की आठवडाभर पुरायचं.

आता असल्या माणसानं सिनेमाच्या तंबूत शिरायचं काही कारण होतं का? नव्हतं. पण देवानं माणसाला शेजारी दिलेला असतो.

त्या साली तंबाखूच्या हंगामात सिद्राम तंबूवाल्यानं निपाणीच्या बाजारमाळावर तंबू ठोकला. त्या काळी सिनेमा मुका होता. पडद्यावर गोरी माणसं नुसती तोंडं हलवायची, मधनंच इंग्रजी अक्षरांची पाटी यायची आणि पडद्याच्या शेजारी काठी घेऊन उभा राहिलेला एक माणूस काय चाललंय ते लोकांना ओरडून सांगायचा. सिद्रामचा हा सांगणारा गडी संकेश्वरात एका तमाशाच्या फडामागं गेला तो गेलाच. सिद्राम कपाळाला हात लावून चहाच्या दुकानात बसला होता. तिथं मास्तरांचा शेजारी, तंबाखूचा दलाल आण्णाप्पा बसलेला. दलालच तो. जे आपलं नाही ते विकणं हाच त्याचा धंदा. त्यानं मास्तरांना विकलं.

"आमचं मास्तर हायत की! इंग्रजी म्हंजे पानी त्यास्नी. परवा औषधाची बाटली घडाघडा वाचली."

ती बाटली खोकल्याची होती. मास्तर इंग्रजी शिकले ते बाटल्यांवरनं, स्टेशनातल्या पाट्यांवरनं आणि एका फाटक्या पुस्तकावरनं. कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून त्यांना त्याचा अभिमान फार. सिद्राम हात जोडून दारात आला तेव्हा "मला जमणार नाही" एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हणावं तर गल्लीत इंग्रजीची अब्रू जाणार. मास्तर म्हणाले, "विचार करून सांगतो."

"झालं तर!" आण्णाप्पा म्हणाला. "उद्या दिवेलागणीला येत्यात."

*

सिनेमा होता अमेरिकेतल्या कुठल्याशा हद्दीवरच्या गावाचा. धुरळ्याचं गाव, लाकडी घरं, जो तो घोड्यावर आणि डोक्यावर परातीएवढी टोपी, ती जेवतानासुद्धा काढायची नाही. गावात दरोडेखोरांची टोळी, तोंडाला फडकी बांधलेली. आणि त्यांच्याशी दोन हात करायला छातीवर पितळी चांदणी लावलेला एक उंच, सडपातळ फौजदार. अशी एकंदर भानगड.

पाट्या मास्तरांनी अर्धी ओळ वाचेपर्यंत पळत होत्या. तरी त्यांनी पहिल्या दिवशी इमानानं सगळं सांगितलं. काठी पडद्याला लावून म्हणाले, "हे या गावचे नवे फौजदार. अत्यंत सज्जन. गरिबांचे कैवारी."

मागं कुणीतरी खोकलं. मग बायकांच्या बाजूला खुसखुस झाली.

"गुर्जी," एक म्हातारा शेतकरी अदबीनं म्हणाला, "पाटी पुन्यांदा बगा. कायतरी चुकलंया."

पुढं तो फौजदार दारूच्या दुकानात गेला, एक पेला प्याला आणि खिशातनं नाणं काढून फळीवर ठेवलं. तिथं तंबू फुटला.

"पैसं दिलं!"

"फौजदारानं?"

"ए सिद्राम, आमचं पैसं परत दे! मारुती समिंदर उडून गेला म्हनत्यात, आमी मानलं. रावनाला धा तोंडं, मानलं. पर फौजदार पेऊन पैसं देतोय? आमाला काय खुळं समजलास?"

त्यात लोकांचा दोष तो काय? निपाणीचा फौजदार बाजारातनं चालत गेला की कोंबड्या आपण होऊन खुराड्यात जात. वखारीत तंबाखूची चोरी झाली, तेव्हा चोर सरळ हद्द ओलांडून कोल्हापूर संस्थानात कागलच्या बाजूला गेला. इंग्रजांच्या पोलिसाला तिकडं पाऊल टाकायचं तर कागद लागे, आणि कागद आणायचा तर कष्ट लागत. फौजदारानं मग वखारीत तंबाखू निवडणाऱ्या मालुबाईच्या घराची झडती घेतली. तंबाखूची काडीसुद्धा सापडली नाही, म्हणून तिच्या आईचं तांब्याचं घंगाळ पुरावा म्हणून उचललं. तो पुरावा तेव्हापासून फौजदाराच्या न्हाणीत होता. तो रोज त्या पुराव्यात आंघोळ करायचा. साऱ्या निपाणीला ठाऊक होतं आणि सारी निपाणी गप्प होती. हे गप्प बसणं आपल्याकडं शहाणपणात मोजतात. थू त्या शहाणपणावर!

खेळ संपल्यावर सिद्राम रडकुंडीला आला. "अय्यो मास्तर, उद्या कुत्रंबी येत न्हाय तंबूत. लोकास्नी पटंल असं सांगा की वो."

"पण पाटीवर तसं लिहिलंय!"

"पाटी वाचतोय कोन? तुमी आनि म्या. म्या तर न्हायच."

*

दुसऱ्या दिवशी मास्तर उभे राहिले तेव्हा त्यांच्या पोटात कालचा अपमान होता. खोकल्याच्या बाटलीपासून कमावलेलं इंग्रजी, आणि लोक म्हणतात पाटी पुन्हा बघा! चांदणीवाला पडद्यावर येताच त्यांनी काठी आपटली.

"हा बघा. हा फौजदार नव्हे! खऱ्या फौजदाराला मारून त्याची चांदणी आपल्या छातीला लावलेला हा चोर आहे!"

"आता कसं!" कालचा तो म्हातारा मांडी ठोकून म्हणाला.

आणि काय सांगावं, सगळं चपखल बसलं. तोंडाला फडकी बांधलेले दरोडेखोर झाले जनावरं जप्त झालेले शेतकरी. फडकी कशाला, तर धुरळा फार. चांदणीवाल्यानं दुकानात पैसे ठेवले, तर मास्तर म्हणाले, "खोटं नाणं!" लोकांनी टाळ्या पिटल्या. त्यानं पोराच्या डोक्यावरनं हात फिरवला, तर पोराच्या बापाचा पत्ता काढतोय. माणूस एकदा चोर ठरला की त्याचं कुठलंही पुण्य पाप म्हणून खपवता येतं. हे मास्तरांना तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि सरकारला ते फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

मग आला आंघोळीचा देखावा. चांदणीवाला एका भल्या मोठ्या गोल भांड्यात बसून साबण चोळत होता. मास्तर रंगात आले होते. आणि रंगात आलेल्या माणसाची जीभ त्याच्या मालकीची राहत नाही.

"आणि हे घंगाळ कुणाचं? एका गरीब बाईच्या घरातनं पुरावा म्हणून उचललेलं!"

लगेच बायकांच्या बाजूनं मालुबाईचा आवाज आला, "माजं हाय त्ये!"

तंबूची कनात हलेल एवढी लोकं हसली. सगळ्यात जास्त हसला भरमू पोलीस. तो दाराशी बंदोबस्ताला होता. हसता हसता त्याची पगडी पडली. म्हणूनच त्यानं ठाण्यात काही कळवलं नाही. आपण का हसलो हे त्याला आधी सांगावं लागलं असतं. फौजदार तेव्हा तपासावर होता. म्हणजे कागलला पत्ते खेळत होता. तिथं जायला मात्र कागद लागत नसे.

घरी आल्यावर जयाबाईनं ताट वाढलं आणि एकच शब्द म्हटला, "कणकुंबी."

पण तंबू आता थांबतो होय? कोगनोळीहून गाड्या आल्या, संस्थानातनं माणसं आली. लोकांना खेळ पाठ झाला. चांदणीवाला दिसला की मास्तरांच्या आधी तंबूच ओरडायचा, "चोर! चोर!" आणि न्हाणीचा देखावा आला की पोराबाळांसकट सगळे एका सुरात, "मालुबाईचं घंगाळ!" मास्तरांनी तो देखावा गाळायची विनवणी केली. सिद्राम म्हणाला, "त्येच्यासाठीच तर लोकं येत्यात वो. काय चेष्टा लावलीया?"

*

आणि अशात फौजदार परत आला आणि बेळगावहून पोलिसांचा बडा गोरा साहेब दौऱ्यावर निपाणीत उतरला.

साहेबाची करमणूक कशानं करायची? फौजदारानं तंबूबाहेरचं चित्र पाहिलं: छातीवर चांदणी, कमरेला पिस्तूल. त्याची छाती आपोआप पुढं आली. मास्तरांना ठाण्यावर बोलावून तो म्हणाला, "आज साहेबांना घेऊन येतो. पोलिसांची शान दिसली पाहिजे. नीट सांगायचं. शाळा तपासणारे डिप्टीसाहेब माझ्या पत्त्याच्या डावातले, ठाऊक आहे ना? शाळाखात्यात कणकुंबीची जागा रिकामी आहे म्हणत होते."

मास्तर घरी आले. बातमी त्यांच्या आधी गल्लीत पोचली होती आणि सल्ला द्यायला माणसं जमली होती.

"ताप आणा," आण्णाप्पा म्हणाला. "काखेत कांदा धरा, अंग तापतंय."

"त्यापरास संस्कृतात बोला," समोरच्या घरातले जोतिबा म्हणाले. "कुनालाच कळायचं न्हाय. साप बी मरंल, काठी बी ऱ्हाईल."

"साप कोण यात?" मास्तरांनी विचारलं. जोतिबांनी इकडंतिकडं बघून विषय बदलला.

शेजारच्या शालूबाईनं उपाय सांगितला तो जयाबाईला पटला: कच्ची चिंच खायला घालायची आणि वर आंबट ताक. घसा बसतो. आवाजच नाही तर सांगायचं काय आणि कसं! मास्तरांनी डोळे मिटून वाटीभर चिंच खाल्ली, तांब्याभर ताक प्याले. दात इतके आंबले की भातसुद्धा चावेना. आणि आवाज? तीन महिने खोकल्यानं धरलेला घसा असा मोकळा झाला की मास्तर "पाणी दे" म्हणाले ते आण्णाप्पाच्या परसात ऐकू गेलं.

दिवेलागणीला तंबू ठासून भरला. पुढं खुर्च्यांवर साहेब आणि त्याच्या शेजारी इस्त्रीच्या गणवेशात, छातीवर पितळी बिल्ला लावलेला फौजदार. दिवा पेटला, पेटी वाजली, चांदणीवाला घोड्यावरनं उतरला.

"हे फौजदार," मास्तर त्या खणखणीत आवाजात म्हणाले. "अत्यंत सज्जन. गरिबांचे कैवारी."

लोकांना वाटलं, गुर्जींनी आज नवा विनोद काढला. तंबू गदगदून हसला.

"खरोखरच सज्जन," मास्तर घाईनं म्हणाले. आणखी हशा. "कधी कुणाचं फुकट खात नाहीत." एक म्हातारी हसता हसता कलंडली, तिला बाहेर वारा घालायला न्यावं लागलं. फौजदाराला वाटलं, लोक खूश आहेत. तोही हसला. साहेबाकडं बघून मान डोलावली.

आणि मग आला न्हाणीचा देखावा.

मास्तर मुद्दाम गप्प राहिले. काय उपयोग? अख्ख्या तंबूनं एका दमात आरोळी दिली, "मालुबाईचं घंगाळ!"

साहेबानं सिद्रामला हात करून यंत्र थांबवायला लावलं. त्यानं मराठीची सरकारी परीक्षा दिली होती, पहिल्या वर्गात. तो उभा राहिला आणि लोकांकडं वळून म्हणाला, "प्रस्तुत स्नानपात्र कोणाच्या स्वामित्वाचे आहे?"

कुणालाच कळलं नाही. लोकांना वाटलं, साहेब इंग्रजी बोलतोय. सगळे मास्तरांकडं बघायला लागले. मराठीचं मराठी करून द्यायची पाळी मास्तरांवर आली.

"साहेब विचारतात, घंगाळ कुणाचं?"

"माजं!" मालुबाई उभी राहिली. वखारीतला तंबाखूचा भुगा अजून तिच्या लुगड्याला होता. "आन त्यो चोर त्यात न्हातोय."

साहेबानं पडद्याकडं बोट केलं. "परंतु अधिकाराचे चिन्ह तर त्याचेच वक्षःस्थळी आहे."

"म्हणतात, पण चांदणी तर त्याच्याच छातीवर आहे."

"मग?" मालुबाई म्हणाली. "चोराकडंच असतीया की!"

ह्याचं भाषांतर मास्तरांना करावं लागलं नाही. साहेबाला ते कळलं, कारण त्याच्या भुवया वर गेल्या. फौजदाराला तर कळलंच. त्याचा चेहरा आधी तांबडा झाला, मग जांभळा. सगळी निपाणी बघत असताना, मास्तरांनी ज्यांना पाढे शिकवले त्यांच्यासमोर, त्यांच्या बापांसमोर, तो खुर्चीवरनं ओरडला:

"ए मास्तरड्या! सांग साहेबांना की ही बाई खुळी आहे. सांगतोस का घालू लाथ?"

आता मास्तर घाबरट होते, यात वाद नाही. चिंच खाऊन पळवाट काढणारा माणूस तो. पण घाबरट माणसालाही एक जागा असते, तिथं हात लावू नये. बाटल्या वाचून वाचून मिळवलेलं ते 'मास्तर' होतं. त्याला शेपूट लावून फौजदारानं ते चिखलात टाकलं होतं. मास्तरांच्या डोळ्यांपुढं कणकुंबी आली, जळवांसकट आली. तरी त्यांनी काठी खाली ठेवली.

"साहेब, बाई खुळी नाही. पाटीवर लिहिलंय की हा फौजदार सज्जन आहे. पहिल्या दिवशी मी तेच सांगितलं. इथल्या एकाही माणसाचा विश्वास बसला नाही. का बसला नाही, ते ह्यांना विचारा. घंगाळ ह्यांच्या न्हाणीत आहे."

एवढा आवाज मास्तरांना वर्गातसुद्धा कधी लागला नव्हता. चिंचेचा गुण, दुसरं काय.

साहेबानं फौजदाराकडं पाहिलं, मास्तरांकडं पाहिलं. मग "अतीव मनोरंजक," एवढंच म्हणून तो खाली बसला आणि यंत्र सुरू करायला सांगितलं. शेवटी भररस्त्यात गोळीबार झाला, चांदणीवाला जिंकला, साहेबानं टाळ्या वाजवल्या आणि तो बंगल्यावर जेवायला गेला.

बस्स. साहेब काही करणार नव्हता. चोर आपल्या पगारावर असला की त्याला चोर म्हणायचं नसतं, ही परीक्षा तो मराठीच्याही आधी पास झाला होता. पण हे फौजदाराला कुठं ठाऊक? सकाळी मालुबाईनं दार उघडलं तर उंबऱ्यात घंगाळ. चिंच लावून घासलेलं, उन्हात डोळे दिपवणारं. शेजारी भरमू पोलीस कागद घेऊन उभा.

"बेवारशी सापडलंय म्हन. आंगठा कर हितं."

"बेवारशी? कुटं सापडलं रं?"

"फौजदाराच्या न्हानीत," भरमू गंभीरपणानं म्हणाला आणि पगडी सावरत पळाला.

*

मास्तरांचा हुकूमही आला. बदली कणकुंबीला. 'शिक्षकाच्या स्वतःच्या विनंतीवरून.' मास्तरांना बदलीपेक्षा ह्या ओळीचा संताप आला. पोटात लाथ मारायची आणि वर लाथ मागितल्याबद्दल सही घ्यायची! जयाबाईनं हुकूम वाचून घेतला. आता ती तो शब्द म्हणेल म्हणून मास्तर मान खाली घालून उभे राहिले. ती म्हणाली, "मीठ डब्यात घट्ट बांधून घेते." आणि जरा थांबून, "लई खणखणीत बोललात म्हणे. आण्णाप्पा सांगत होता."

निघायच्या दिवशी मोटारीपाशी मालुबाई आली, डोक्यावर घंगाळ घेऊन.

"आक्का, ह्ये न्ह्या. तिकडं लई गारठा म्हनत्यात."

"अगं मालुबाई, तुझ्या आईचं ते!" जयाबाई म्हणाली.

"व्हय, पर आता मला त्यात न्हाववत न्हाय. त्येचं आंग लागलंया त्येला. तुमी चार पावसाळं वापरा, चांगलं धुवून निगंल. परत आलासा की परत द्या. देनार न्हवं?"

"देणार," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज आता बसला होता.

बेळगावात मोटार बदलली. पिरनवाडीच्या पुढं चौकीवर ती थांबवली गेली. गोव्याच्या वाटेवर दारू, तांबं, काय काय इकडंतिकडं होतं म्हणून तिथं झडती. एक पोलीस आत डोकावला. छातीवर पितळी बिल्ला. त्याची नजर बोचक्यांवरनं फिरली आणि घंगाळावर येऊन थांबली. जयाबाईनं ती नजर ओळखली. झडती घेणाऱ्या नजरेपेक्षा ती घर लावणाऱ्या बाईची नजर जास्त होती.

"घंगाळ कुनाचं? पावती हाय?"

मोटारीतली माणसं खिडकीबाहेर बघायला लागली. मास्तरांनीही सवयीनं मान खाली घातली. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण आता कणकुंबीलाच निघालो आहोत; ह्यापुढं बदली करायची तर थेट समुद्रातच करावी लागेल. ते उठले, घंगाळ पालथं घातलं आणि वर मांडी घालून बसले.

"निपाणीच्या मालुबाईचं आहे. फौजदारानं जप्त केलं होतं. त्यानंच तिला परत दिलं."

पोलिसानं मान आणखी आत घातली. "परत दिलं?"

"परत दिलं."

"फौजदारानं?"

"घासून."

त्या पोलिसाच्या मिशा आधी थरथरल्या. मग त्यानं पोट धरलं आणि चौकीतल्या दुसऱ्याला हाक मारली, "आरं ये, ऐक ह्ये! फौजदारानं परत दिलं म्हनं, आन त्ये बी घासून!" दोघं मोटारीच्या दाराला धरून हसले, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसले. झडती तशीच राहिली.

"जावा गुर्जी, जावा," तो डोळे पुसत म्हणाला. "इतकी थाप शिनेमात बी कोन मारत न्हाय."